तुम्ही बसा, मी येते मागून

विनयचा फोन आला तेव्हा मी आमच्या लॉनवर शेजाऱ्यांची भलीमोठी छत्री कवटाळून उभी होते. त्या शनिवारी दुपारी टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोत असं काही वारं सुटलं होतं की त्यांच्या अंगणातली ती छत्री कुंपण ओलांडून थेट आमच्याकडे आली होती, आणि ती पुढे रस्त्यावर जाऊ नये म्हणून मी तिच्यावर जवळजवळ बसले होते. एका हाताने फोन कानाला लावून मी ओरडूनच विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "मंजू, शुभाचा तुला काही मेसेज आलाय का?" मी म्हटलं, "मला कशाला येईल? तुला येतो ना तो." "हो... तेच. मी तांदूळ धुऊन ठेवलेत." छत्री तिथेच टाकून मी गाडीची किल्ली घेतली.

तांदळाचं काय, ते सांगायला हवं. शुभांगी, म्हणजे विनयची बायको आणि माझी वीस वर्षांची मैत्रीण, स्वतःचं छोटं विमान चालवायची. 'स्वतःचं' म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेलं, चार माणसांचं, तिच्या लग्नापेक्षा जुनं विमान. इकडच्या हौशी वैमानिकांची एक गमतीची रीत आहे. सुट्टीच्या दिवशी विमान काढायचं, तासाभराच्या अंतरावरच्या कुठल्यातरी आडगावच्या धावपट्टीवर उतरायचं, तिथला बर्गर खायचा आणि परत यायचं. शुभा बर्गर खात नसे. ती तिथे जाऊन पाय खाऊन यायची, म्हणजे ते सफरचंदाचं गोड पक्वान्न, आणि घरी येऊन पुन्हा वरणभात जेवायची. आपल्या धावपट्टीवर उतरली, विमान जागेवर लावलं, की तिचा विनयला मेसेज यायचा: "उतरली. कुकर लाव." ती घरी पोचेपर्यंत कुकरची वाफ जिरलेली असायची. वर्षानुवर्षं दर शनिवारी हेच. विनय विमानात कधी बसला नाही. तो मॉलमधल्या काचेच्या लिफ्टलासुद्धा घाबरतो. पण त्या कुकरच्या निमित्ताने तो तिच्या प्रत्येक उतरण्यात सामील असायचा.

आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो. हायवेवर पावसाने गाठलं, असा की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात. विनय फोन उताणा तळहातावर धरून बसला होता. "रेंज नसेल," मी म्हटलं. "हो, रेंज नसेल," तो म्हणाला. धावपट्टीपाशी पोचलो तर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलेलं, गवत धुतल्यासारखं हिरवंगार, आणि फाटकात पोलिसांची गाडी. तिचे शिक्षक वॉल्टर, सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, आमच्याकडे चालत आले. या गृहस्थांना मी कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. चालता चालता त्यांनी टोपी काढली... आणि विनयने फोन खिशात ठेवला.

याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीसाठी तिच्याविषयी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. गेलेल्या माणसाबद्दल आपण फार गोड लिहितो, आणि शुभा काही गोड बाई नव्हती. आमची पहिली भेटच भांडणाने झाली. इथल्या मंडळाच्या गणपतीला प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा होता. मी पुण्याची, अळूची भाजी करून नेली. शेजारच्या पातेल्यापाशी उभी असलेली एक ठेंगणी, चष्मेवाली बाई ती चाखून म्हणाली, "छान झाली हो, पण गूळ कुणी सांडला का यात?" मी फणकाऱ्याने तिच्या पातेल्यातला गोळाभात घेतला. बेसनाचे गोळे, वरून मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. "आमच्या नागपूरला याला तिखट नाही म्हणत," ती म्हणाली. मग कळलं की ही सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. "दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचाच पगार मिळते मला. तुझ्या भाजीचं फुकटात करून दिलं." अशी ती. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी आम्ही भांडल्याशिवाय राहिलो नाही. आता आठवडे रिकामे जातात.

विमानाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तिची एकुलती एक मुलगी सई कॉलेजसाठी ॲन आर्बरला गेली तेव्हा. पोरीला हॉस्टेलवर सोडून, मिशिगनहून टेक्सासपर्यंत दोघं गाडीने परत आले. वाटेत कुठेतरी पेट्रोल भरताना शेजारच्या मैदानात एक छोटं विमान उतरताना तिने पाहिलं. बस, एवढंच. घरी आल्यावर बाकीच्या आया मुलांच्या खोल्या आवरतात, योगाचा क्लास लावतात. हिने वॉल्टरचा क्लास लावला. आमच्या मंडळात तेव्हा जी कुजबुज झाली ती आठवली की मला आजही हसू येतं. पन्नाशीच्या बाईने भजनी मंडळ काढलं असतं तर तिचा सत्कार झाला असता. "या वयात कशाला?" हा प्रश्न तिला इतक्यांनी विचारला की ती म्हणायची, "आधीच्या वयात विमान नव्हतं नं माझ्यापाशी."

वॉल्टरनी तिला जे शिकवलं त्यातलं एकच मला समजतं, पण ते पक्कं समजतं, कारण मी ते अंगावर घेतलंय. छोट्या विमानाचं वर जाणं सोपं असतं, असं ती सांगायची. हवेत राहणंही फारसं अवघड नसतं. सगळा जीव उतरण्यात अडकलेला असतो. जमीन जवळ आली की माणसाला घाई होते. आता आलोच आहोत, आता टेकवूनच टाकू, असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. म्हणून वॉल्टरचा नियम असा की, रेघेत नसाल, वेग बरोबर नसेल, वारा ढकलत असेल, काही म्हणजे काही मनासारखं नसेल, तर जमिनीशी भांडत बसायचं नाही. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, परत वर जायचं, गोल फिरून पुन्हा यायचं. त्यात लाज नाही. लाज खाली पडण्यात आहे.

मी तिच्याबरोबर पहिल्यांदा बसले तेव्हा ऊन छान होतं, वारा मात्र आडवा होता. वर असताना मजा आली. खाली तळी, एकसारखी घरं, हायवेवरच्या मुंग्या. मग ती उतरायला वळली, समोर धावपट्टी दिसू लागली, आणि विमान खेकड्यासारखं तिरकं चालायला लागलं. "मंजू, घाबरून राहिलीस का?" तिने विचारलं. "मी? छे," असं म्हणून मी सीटची कड दोन्ही हातांनी धरली. जमीन आली, गवताची पाती दिसायला लागली, आता चाकं टेकणार... तेवढ्यात ती अगदी शांतपणे, पोळी करपली तर आपण जसं म्हणू तशी म्हणाली, "नाही जमून राहिलं. परत जाऊ." आणि इंजिन किंचाळलं, आणि जमीन पुन्हा खाली गेली. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली ती दुसऱ्या फेरीत चाकं टेकेपर्यंत थांबले नाही. खाली उतरल्यावर माझे पाय लटलटत होते आणि ही विमानाच्या नाकाला दोर बांधता बांधता मला विचारत होती, "पाय खाशील का?"

ही परत वर जाण्याची गोष्ट मीच मोठ्या चवीने गावभर केली. दिवाळीच्या फराळाला एका सद्गृहस्थांनी चकली मोडत तिला विचारलं, "काय शुभांगीताई, परवा उतरताच येईना म्हणे तुम्हाला?" सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "नाहीच आलं. तुम्ही हायवेवर एक्झिट चुकले तर काय करता? रिव्हर्स घेता का? पुढच्या एक्झिटने वळून येता नं. तेच." सद्गृहस्थ चकली खात राहिले. एवढं स्वच्छ डोकं होतं तिचं. घाई नाही, फुशारकी नाही, चार लोक काय म्हणतील याची रतीभर पर्वा नाही. म्हणून तर ती गेली कशी, हे मला इतके दिवस कळत नव्हतं.

तिची एक सवय होती, आणि तिच्यावरून आमची सगळ्यात जुनी भांडणं. ती कधी पंगतीला बसायची नाही. घरी बारा माणसं असोत की तिघंच, शुभा आपली ओट्यापाशी. एकाला गरम पोळी, दुसऱ्याला वरण, तिसऱ्याच्या पानात लोणचं संपलं. कुणी म्हटलं की बस ना आता, की ठरलेलं उत्तर: "तुम्ही बसा, मी येते मागून." सई लहान असताना ताट पुढे सारून हट्ट करायची, "आई, जस्ट सिट! मी नाही खाणार मग." तेव्हा ही खुर्चीच्या कडेला एवढीशी टेकायची, आणि पोरीने पहिला घास घेतला रे घेतला की पुन्हा उठायची. एकदा मी तिच्या हातातला डाव अक्षरशः हिसकावून घेतला. म्हटलं, "अगं, तू विमान चालवतेस! तुझ्या मागे चार गोरे पायलट रांगेत असतात, आणि घरी तू मोलकरणीसारखी सगळ्यांच्या शेवटी जेवतेस?" ती आधी डाव परत घ्यायला धडपडली, मग थांबून म्हणाली, "तसं नाही गं. आमच्या घरी बायका मागून बसायच्या, ते खरं आहे. मी बाकीचं सगळं सोडलं. पण आता खरंच, सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय मला भूकच लागत नाही. खोटं नाही सांगून राहिली." "जित्याची खोड," मी म्हटलं आणि डाव तिला देऊन टाकला. त्या म्हणीचा उरलेला अर्धा भाग तेव्हा मनातसुद्धा आला नव्हता.

तिच्या जाण्यानंतर घरी माणसांची रीघ लागली. माणसं चांगली असतात, डबे घेऊन येतात, भांडी घासून जातात, पण बोलल्यावाचून त्यांना राहवत नाही. स्वयंपाकघरात हलक्या आवाजात तेच, "या वयात गरज काय होती?" एकीने तर मला विचारलं, "तिला शुगर होती का हो?" जणू शुगर निघाली तर सगळ्यांना बरं वाटणार होतं. विनय आलेले डबे फ्रिजमध्ये रचत होता. सई ॲन आर्बरहून आली होती. ती आता तिथेच संशोधनाचं काम करते. तिने सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेतले होते आणि येणाऱ्या प्रत्येक काकूला ती "थँक्यू" म्हणत होती. दोघांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो दोघं एकमेकांना विचारत नव्हते: शुभाची चूक झाली का?

आठवड्याभराने जॉश आला. बरोबर त्याची बायको एमिली आणि त्यांची वर्षाची मुलगी. तिशीचा, लाल दाढीचा मुलगा, त्याच धावपट्टीवरचा नवशिका पायलट. नवीन लायसन्स मिळाल्यावर बायको-मुलीला घेऊन पहिल्यांदाच बर्गर खायला गेला होता, त्याच शनिवारी, त्याच ठिकाणी. शुभाने तिथे त्याच्या मुलीला आपला अर्धा पाय भरवला होता म्हणे. तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला आणि गालिच्याकडे बघत बोलायला लागला. ते इंग्रजीतलं बोलणं मी माझ्या शब्दांत सांगते.

परतीच्या वाटेवर पश्चिमेला ढग उठले होते, पण अंदाजापेक्षा पुष्कळ आधी ते सरकत आले. शुभा पुढे होती, जॉश मागे. आमच्या त्या धावपट्टीवर विमानांना रांग लावून देणारं कुणी नसतं. वैमानिकच रेडिओवर एकमेकांना आपली जागा सांगतात, आणि ज्याचा नंबर पुढे तो आधी उतरतो. शुभाचा नंबर पहिला होता. ती उतरायला वळणारच होती. तेवढ्यात जॉशने रेडिओवर वाऱ्याची चौकशी केली. त्याची मुलगी रडत होती, विमानाला हिसके बसत होते, एमिलीला उलटी होत होती, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकवत नव्हता. मग शुभाचा आवाज आला. ती बाजूला सरकली, आणखी लांब गेली, आणि तिने त्याला आपल्या आधी आत घेतलं. नुसतं घेतलं नाही, शेवटपर्यंत बोलत राहिली. वेग बघ, घाई करू नको, छान येतोयस. त्याची चाकं टेकली तेव्हा वारा आडवा होता, पण झेपण्यासारखा होता. तो विमान बाजूला घेईपर्यंत त्या वादळाच्या पुढचं थंड वारं धावपट्टीवर येऊन थडकलं. तेच वारं थोड्या वेळाने प्लेनोत छत्र्या उडवणार होतं. शुभा आली, तिला जमेना, ती वॉल्टरने शिकवल्याप्रमाणे परत वर गेली. फिरून पुन्हा आली. आता विमान जमिनीच्या अगदी जवळ होतं, आणि वाऱ्याने एकदम दिशा फिरवली, तो पाठीमागून आला. विमानाचा वेग गेला, एक पंख खाली झुकला... जॉशने पुढचं सांगितलं नाही.

मग सईने विचारलं, "व्हॉट डिड शी से? एक्झॅक्टली. तुला आधी जा म्हणाली तेव्हा." जॉशने डोळे मिटले. ते शब्द त्याला पाठ झाले असणार. "शी सेड, यू गो अहेड. आय विल कम आफ्टर यू."

सई ताडकन उठली. "दॅट्स डिनर," ती म्हणाली. जॉशला कळेना. "शी सेज दॅट ॲट डिनर! एव्हरी सिंगल नाइट!" आणि काचेचं दार सरकवून ती मागच्या अंगणात निघून गेली. मी तिच्यामागे गेले. ती कुंपणाला टेकून उभी होती, लहानपणी रुसून उभी राहायची तशीच. "शी वॉज फर्स्ट, मावशी. तिचा नंबर होता. नोबडी आस्क्ड हर! का कायम तिलाच लास्ट जायचं असतं? सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर, मग मी. आय हेटेड इट. ऑल माय लाइफ आय हेटेड इट." मग म्हणाली, "मला तिचा इतका राग येतोय. इज दॅट हॉरिबल?"

"नाही," मी म्हटलं. "मलाही येतोय."

खरं होतं ते. अजूनही येतो. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं आणि कळून काहीच बरं वाटलं नव्हतं. जी बाई शेकडो लोकांच्या नाकावर टिच्चून उडाली, जी जमत नसलं की बेलाशक परत वर गेली, ती शेवटी अडकली ती ओट्यापाशीच. तिथेच तिच्या रक्तात मुरलेलं एक वाक्य होतं, आणि ते बोलायला तिला विचार करावा लागला नसणार. मी पुढे वॉल्टरना फोन करून विचारलं, तुम्ही असतात तर काय केलं असतं? म्हातारा म्हणाला, जॉशला पुढे घालण्यात तिचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. नंतर मात्र मी पूर्वेकडच्या दुसऱ्या धावपट्टीवर गेलो असतो बहुतेक. पण हे मी आता खुर्चीत बसून म्हणतोय. सरकारी चौकशी चालू आहे, त्यांना जे लिहायचं ते लिहितील. ती सवय होती की माया होती, चूक होती की मोठेपण, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. शुभाला तरी ते कुठे वेगळं काढता आलं असतं!

अंगणात आम्ही उभ्या असताना आतून खणखण आवाज यायला लागला. काचेतून पाहिलं. जॉश हातांत तोंड घेऊन बसला होता, एमिली त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि विनयने त्यांची मुलगी मांडीवर घेऊन तिच्या हातात चमचा आणि स्टीलची वाटी दिली होती. तिला तो खेळ भलताच आवडला होता. ती जोरजोरात वाजवत होती आणि दर वेळी विनयच्या तोंडाकडे बघून हसत होती. त्या आठवड्याभरात विनयचा चेहरा मी पहिल्यांदाच हललेला पाहिला. सई काचेला कपाळ लावून ते बघत राहिली. मग आत गेली, जॉशच्या शेजारी बसली, आणि त्याने काही म्हणायच्या आत म्हणाली, "यू हंग्री? आमच्याकडे खूप फूड आहे."

तेराव्या दिवशी घरीच विधी होते. गुरुजी देवळातून आले होते, तरुण, इथेच वाढलेले, सगळं इंग्रजीत नीट समजावून सांगणारे. शेवटी ते म्हणाले की आता गेलेल्या व्यक्तीच्या आवडीचं पान वाढून बाहेर ठेवायचं. आधी ते पान, मग घरातले, मग पाहुणे. सईने मान वर केली. "फर्स्ट? बिफोर एव्हरीवन?" "हो, आधी," गुरुजी म्हणाले. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि मग हसली का रडली ते मला सांगता येणार नाही.

तिने कुणाला हात लावू दिला नाही. आईचं नेहमीचं ताट काढलं. कडेला पोचा आलेलं, शुभा ज्यात उभ्याउभ्या चार घास खायची ते. "मावशी, कोशिंबीर लेफ्ट की राइट?" "डावीकडे. भाजी उजवीकडे. मीठ वर, मधोमध." तिने मीठ वाढलं, लिंबू ठेवलं, कोशिंबीर, भाजी, कढीची वाटी. गोळाभात तिनेच केला होता, व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या मामीला विचारून, आणि वरची फोडणी इतकी तिखट की घरभर ठसका लागला होता. ताट घेऊन ती मागच्या अंगणात गेली, गवतावर पाट मांडला, त्यावर ताट ठेवलं आणि स्वतः समोर मांडी घालून बसली. मंडळाची वीस-पंचवीस माणसं दारात, ओट्याशी, जिथे जागा मिळेल तिथे उभी. अन्न निवत होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आता आपण बसायचं का?"

"नो," सई मागे न बघता म्हणाली. "आज सगळे थांबतील." मग ताटाकडे वळून, "ओके, आई. यू फर्स्ट."

आणि आम्ही थांबलो. चकलीवाले सद्गृहस्थ थांबले, शुगर विचारणाऱ्या बाई थांबल्या, जॉश मुलीला खांद्यावर घेऊन थांबला, वॉल्टर टोपी हातात धरून थांबले. शुभाच्या घरात शुभा जेवल्याशिवाय कुणाच्या पानात काही पडलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. ती जित्याची खोड अशा रीतीने सुटली. कुंपणावर दोनचार ग्रॅकल येऊन बसले होते, इथले ते काळे, कलकलाट करणारे पक्षी, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये चिप्स वेचणारे. त्यातला एक उतरला, ताटाभोवती तोऱ्यात फिरला आणि बेसनाचा गोळा घेऊन उडाला. तिखट लागलं असणार त्याला. सईने डोळे पुसले आणि उठून म्हणाली, "आता जेवा."

सई आता ॲन आर्बरला परतली आहे. रोज फोन करते. आईवरचा राग गेला का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नॉट येट. इट्स ओके." मलाही ते ओकेच वाटतं. जॉश अजून विमानाकडे फिरकलेला नाही. वॉल्टर त्याच्या मागे लागलेत.

शनिवारी मी विनयकडे जेवायला जाते. परवाही गेले होते. तो ओट्याशी उभा होता. तांदूळ धुऊन ठेवलेले, डाळ भिजलेली, कुकर पुसून गॅसवर. नेहमीची ती वेळ झाली तशी त्याने फोन उघडला, आणि मला दिसलं की तो काय वाचतोय ते. तिचा शेवटचा मेसेज, ती गेली त्याच्या आधीच्या शनिवारचा. "उतरली. कुकर लाव." त्याने तो वाचला, फोन उताणा ओट्यावर ठेवला आणि कुकर लावला. वाफ जिरल्यावर त्याने झाकण काढलं, पोचा आलेल्या ताटात आधी एक मूद वाढली आणि ते तिच्या जागेसमोर ठेवलं. मग माझं पान वाढलं, वरण घातलं, तूप घातलं, आणि डाव हातात घेऊन तिथेच ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "तू बस, मंजू. मी येतो मागून."

मी उठले. त्याच्या हातातला डाव काढून घेतला, त्याच्या ताटात भात वाढला आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढली. "बस," मी म्हटलं. "आत्ता, माझ्याबरोबर."

तो बसला. मग आम्ही दोघांनी एकदमच पहिला घास घेतला.